काकांना तेल द्यायचं का, आणि प्रबंधाचं काय करायचं?

वाचकाचं पत्र:

"मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, पहिलं वर्ष संपत आलंय. एका औषधी वनस्पतीच्या पानांतलं सुगंधी तेल आणि अँटिऑक्सिडंट संयुगं हा माझा विषय. क्लेव्हेंजर उपकरणावर, म्हणजे पानं पाण्यात उकळून वाफेबरोबर, तेल काढलं, अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी डीपीपीएच चाचणी घेतली, पण तेल क जीवनसत्त्वाच्या आसपासही पोचलं नाही. त्याच पानांचा मिथेनॉलमधला अर्क मात्र छान आला. तेलातली संयुगं ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राच्या यादीत लिमोनीन, अल्फा-पायनीन आणि सिनिओल यांचाच भरणा आहे. प्रयोगशाळेतले सगळे म्हणतात, तेलाचा भाग गाळ आणि अर्काचाच पेपर कर. त्यातच माझ्या काकांची केमोथेरपी सुरू झाली आहे. काकू रोज विचारते, 'तू यातच शिकतेस ना? मग ते तेल दोन-दोन थेंब पाण्यातून देऊ का? अँटिऑक्सिडंट असतं म्हणतात.' मला तिला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायला धड कारण सापडत नाही. आणखी एक, पहिल्या खेपेचं तेल सहा महिने बाटलीत पडून आहे. ते पुढच्या चाचण्यांना चालेल का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी काकांचं बोलू, कारण प्रबंध आठवडाभर थांबू शकतो आणि ते थांबू शकत नाहीत. काकूंना स्पष्ट नाही म्हणून सांग. तेल पोटात द्यायचं नाही, दोन थेंबही नाही. तुला कारणं हवी आहेत, तर ती नीट देते, म्हणजे काकूंच्या "पण का?" पुढे तू अडखळणार नाहीस.

तू स्वतः तेल काढलं आहेस, तेव्हा शंभर ग्रॅम सुक्या पानांतून किती तेल हाती येतं हे तुला माहीत आहे. बहुतेक पानांतून एखादा मिलिलिटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे काकू ज्याला "थोडंसं" म्हणतायत त्या दोन थेंबांत दहा ग्रॅमच्या आसपास सुक्या पानांतला सगळा उडनशील भाग एकवटलेला असू शकतो. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. वनस्पती पिढ्यान्पिढ्या वापरात आहे म्हणून तिचं तेलही तितकंच सौम्य असेल, हे गृहीतच चुकीचं आहे. विंटरग्रीनच्या तेलाच्या एका चमच्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसएक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. निलगिरीचं तेल किंवा कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, लवंगेच्या तेलाने यकृत निकामी होत गेल्याच्याही आहेत. आणि "पाण्यातून" म्हटलं तरी तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि तसंच, जसंच्या तसं, तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या आतल्या त्वचेला लागतं. केमोमुळे ती त्वचा आधीच सोललेली असू शकते.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. काकू ज्या गुणासाठी तेल देऊ पाहतायत, तोच गुण या काळात नको आहे. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन यांसारखी काही औषधं आणि रेडिएशनही पेशीत मुक्त मूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे अतिक्रियाशील रेणू, तयार करतात आणि कर्करोगाच्या पेशी मारण्यात त्या मूलकांचा वाटा असतो. ही मूलकं निष्प्रभ करणारं अँटिऑक्सिडंट बाहेरून भरून आपण कोणाला वाचवतो आहोत, निरोगी पेशीला की गाठीला, हे आधी सांगता येत नाही. २०२० मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोच्या आधी आणि केमो सुरू असताना अँटिऑक्सिडंटची पूरकं घेणाऱ्या स्त्रियांत आजार परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यात पूरकं घेणाऱ्या कमी होत्या आणि तो निरीक्षणावर आधारलेला होता, म्हणून पूरकांमुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही. पण घरातल्या माणसावर हा प्रयोग करू नये, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

तिसरा धोका केमोचं औषधच कमी पडण्याचा. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा अर्क घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इरिनोटेकॅन या केमो-औषधाचा क्रियाशील भाग ४२ टक्क्यांनी घटल्याचं २००२ मध्ये दाखवलं गेलं. औषध शिरेतून पूर्ण मात्रेत गेलं, पण वनस्पतीने यकृतातली एन्झाइम्स जागी केली आणि शरीराने ते लवकर संपवलं. बोर्टेझोमिब नावाचं दुसरं औषध आहे. ग्रीन टीमधलं ईजीसीजी, म्हणजे तुझ्या क्षेत्रातलं सर्वांत लाडकं अँटिऑक्सिडंट, त्या औषधाला रासायनिकरीत्या जखडून निष्प्रभ करतं, असं २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. रुग्णाला काहीच जाणवत नाही. वांती होत नाही, पुरळ येत नाही. औषध तेवढं काम करत नाही.

आणि "अँटिऑक्सिडंट असतं म्हणतात" याबद्दल. हे म्हणणाऱ्यांनी एकदा मोठ्या चाचण्यांकडे बघायला हवं. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतली अशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. हे दोन्ही पदार्थ परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट आहेत. मला या चाचण्यांचं महत्त्व फार वाटतं, कारण त्या करणारे लोक या कल्पनेचे समर्थक होते, आणि तरी त्यांनी आलेला निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवला.

काकूंना मात्र हे आकडे ऐकवत बसू नकोस. त्या तेलाबद्दल विचारतायत, पण त्यांना खरं हवंय ते काहीतरी करायला मिळणं. तेव्हा त्यांना काम दे. काका काय-काय घेतात त्याची एक पूर्ण यादी त्यांच्याकडून लिहून घे: डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, जुन्या आजाराच्या गोळ्या, जीवनसत्त्वं, कोणी आणून दिलेली चूर्णं आणि अर्क, सगळं, मात्रेसह. पुढच्या भेटीत ती कर्करोगतज्ज्ञांच्या हातात द्यायची. पुष्कळ घरांतून "ते काय औषध आहे का" म्हणून निम्म्या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याच जात नाहीत, आणि नेमक्या त्याच नडतात. काकांना एखादा वास आवडत असेल तर कापसावर थेंब टाकून दूर ठेवायला सहसा हरकत नाही. पण केमोत वासांशी नातं बदलतं, काल आवडलेल्या वासाने आज मळमळतं, म्हणून आधी त्यांना विचारायचं, आणि नको म्हणाले की लगेच उचलायचं. अंगाला न मिसळलेलं तेल चोळायचं नाही.

आता तुझं काम.

तुझा निकाल चुकलेला नाही. तुझ्याच जीसी-एमएसच्या यादीत त्याचं कारण लिहिलेलं आहे. डीपीपीएच हा नायट्रोजनवर एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा, जांभळा, असाधारण टिकाऊ मूलक आहे. १९५८ मध्ये तो या कामासाठी सुचवला गेला आणि आज जगभर वापरला जातो, कारण तो स्वस्त आहे, सोपा आहे आणि ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला हे अर्ध्या तासात कळतं. रंग उतरायला त्याला कोणीतरी हायड्रोजन अणू द्यावा लागतो. फिनॉलमधला ओएच गट तो सहज देतो. म्हणून युजेनॉलने भरलेलं लवंगेचं तेल या चाचणीत चमकतं, थायमॉल आणि कारव्हॅक्रॉल असलेली तेलंही बरी येतात. लिमोनीन आणि पायनीन हे निव्वळ हायड्रोकार्बन आहेत. सिनिओलमधला ऑक्सिजन ईथरच्या कड्यात अडकलेला आहे, त्याच्याकडे द्यायला फिनॉलचा हायड्रोजनच नाही. अशा तेलाने डीपीपीएचचा रंग उतरवला असता तर मला काळजी वाटली असती.

मग मिथेनॉलचा अर्क का चांगला? कारण तुझ्या वनस्पतीतली फ्लेव्होनॉइड्स, फिनॉलिक आम्लं, कदाचित टॅनिन्ससुद्धा, वाफेबरोबर वर येतच नाहीत. ती जड आहेत, ध्रुवीय आहेत, साखरेला जोडलेली असतात. ऊर्ध्वपातनात ती फ्लास्कमध्ये मागे राहतात, थोडी पाण्यात आणि थोडी चोथ्यात. रोझमेरीचं उदाहरण घे. तिचं तेल सिनिओल, कापूर आणि पायनीन यांचं असतं, पण युरोपात खाद्यपदार्थ खवट होऊ नयेत म्हणून ई ३९२ या क्रमांकाने जो रोझमेरीचा अर्क मान्य आहे, त्याचं बळ कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल यांत आहे. तेल आणि अर्क या एकाच झाडातल्या दोन वेगळ्या रसायनांच्या गोष्टी आहेत. "औषधी वनस्पतीचं तेल, म्हणजे पॉलिफिनॉलचा खजिना" असं लिहिलेले लेख तू वाचले असशील. ते लिहिणाऱ्याने क्लेव्हेंजर कधी चालू केलेलं नसतं.

म्हणून माझं आग्रहाचं मत आहे की तेलाचा भाग गाळू नकोस, आणि अर्कापुरता पेपर करून थांबूही नकोस. तुझा प्रबंध बहुधा तू ओतून दिलेल्या चोथ्यात आणि पाण्यात आहे. एकाच खेपेच्या पानांचे चार भाग कर: थेट अर्क, तेल, फ्लास्कमध्ये उरलेलं पाणी, आणि उरलेल्या चोथ्याचा अर्क. प्रत्येकातली संयुगं ओळख, तेलासाठी जीसी आणि बाकीच्यांसाठी, म्हणजे न उडणाऱ्या संयुगांसाठी, एचपीएलसी किंवा एलसी-एमएस. मग प्रश्न असा उभा राहतो: दोन-तीन तास उकळल्यावर या पानांतली कोणती फिनॉलिक संयुगं टिकली, कोणती तुटली आणि कोणती नव्याने तयार झाली? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक वनस्पतीत वेगळं निघतं. कॅमोमाइलचं गडद निळं तेल ज्या कॅमॅझुलीनमुळे निळं दिसतं, ते फुलात नसतंच. मॅट्रिसिन नावाच्या रंगहीन संयुगापासून ते वाफेच्या उष्णतेत घडतं. तुझ्या फ्लास्कमध्येही काहीतरी घडत असेल. सुगंधी तेलांच्या व्यवसायात हा चोथा ढिगांनी फेकला जातो, तेव्हा उपयोगाची बाजूही आपोआप येते. मार्गदर्शकांना हे सांगताना "तेल नापास झालं" असं सांगू नकोस. चार भागांचा आराखडा कागदावर घेऊन जा.

तेलाला आणखी एक न्याय्य संधी दे. डीपीपीएच हे एकच मोजमाप तेलाला लावणं मला पटत नाही. गॅमा-टर्पिनीनसारखे काही टर्पीन (सुगंधी तेलांतली नेहमीची संयुगं) फिनॉल नसूनही चरबीचं ऑक्सिडीकरण रोखतात. ते स्वतः ऑक्सिडाइज होऊन पॅरा-सायमीन बनतात आणि त्यातून सुटणारे हायड्रोपेरॉक्सिल मूलक ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतात. तुझ्या यादीत ते थोडंफार असेल तर एआयबीएन किंवा एएपीएच वापरून ठरावीक वेगाने मूलकं निर्माण कर आणि लिनोलेइक आम्लाच्या ऑक्सिडीकरणाला तेल किती वेळ रोखून धरतं ते मोज. काम कटकटीचं आहे. पण प्रत्यक्षात चरबी अशीच बिघडते, आणि डीपीपीएच तर ना कुठल्या पेशीत सापडतो ना कुठल्या तेलाच्या डब्यात.

काही गोष्टी परीक्षक हमखास विचारतील. तीन वाचनं एकाच बाटलीतून घेतली असतील तर ती तीन नमुने ठरत नाहीत. वेगवेगळ्या झाडांची पानं वेगवेगळी ऊर्ध्वपातित केलीस तरच "तीन" म्हणता येईल. एकाच जातीच्या झाडांत रासायनिक वाण वेगळे असतात. थाइममध्ये एक झाड थायमॉलचं निघतं आणि शेजारचं लिनॅलूलचं, दिसायला दोन्ही सारखी. म्हणून पानं कोणत्या अवस्थेत, कोणत्या महिन्यात तोडली ते लिहून ठेव आणि हर्बेरियममध्ये वनस्पतीचा नमुना जमा कर. जीसी-एमएसच्या संगणकाने ९५ टक्के जुळतंय म्हटलं म्हणून संयुग ओळखलं गेलं असं होत नाही. टर्पिनांचे मास स्पेक्ट्रम एकमेकांशी फार मिळतेजुळते असतात. अल्केन मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे संयुग जीसीतून कधी बाहेर येतं याचा प्रमाणित आकडा, काढल्याशिवाय यादी छापायला देऊ नकोस.

आयसी ५०, म्हणजे निम्मी मूलकं निष्प्रभ करायला लागणारी मात्रा, याबद्दलही सांभाळ. तो आकडा तू डीपीपीएच किती घेतलास आणि किती मिनिटांनी वाचलंस यावर हलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधल्या आयसी ५० शेजारी आपला ठेवून जिंकलो-हरलो ठरवण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी, त्याच पद्धतीने ट्रोलॉक्स हे तुलनेसाठीचं प्रमाणित अँटिऑक्सिडंट चालव आणि त्याच्या तुलनेत निकाल दे. फोलिन-सिओकाल्टू चाचणी "एकूण फिनॉल" सांगते असं आपण लिहितो खरं, पण तिला क जीवनसत्त्वही दिसतं आणि काही साखराही. ती एकूण क्षपणक्षमता मोजते, तसंच लिही.

अर्काच्या चांगल्या आकड्याने हुरळूनही जाऊ नकोस. काकूंचा प्रश्न आणि तुझ्या पेपरचा शेवटचा परिच्छेद इथे एकाच जागी येतात. पॉलिफिनॉल पोटात घेतल्यावर आतडं आणि यकृत त्यांना सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड जोडून बदलून टाकतात, आणि रक्तात ती बहुधा एका मायक्रोमोलरच्याही खाली राहतात. त्याच रक्तात क जीवनसत्त्व पन्नासेक मायक्रोमोलर असतं, युरिक आम्ल दोनशे ते चारशे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट तर मिलिमोलरमध्ये मोजायचं, शिवाय सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटालेजसारखी एन्झाइम्स पहाऱ्यावर असतात. या गर्दीत तुझ्या पानातला फ्लेव्होनॉइड मूलकं टिपून मोठा फरक पाडेल हे गणितात बसत नाही. तो काही करत असेल तर बहुधा वेगळ्या मार्गाने, उदाहरणार्थ पेशीला हलकासा ताण देऊन एनआरएफ-२ या पेशीतल्या नियंत्रक प्रथिनामार्फत तिचीच संरक्षक एन्झाइम्स वाढवून. याच कारणाने अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या ओरॅक मूल्यांची (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची) आपली यादी २०१२ मध्ये मागे घेतली. ते आकडे जाहिरातींत वापरले जात होते आणि शरीरातल्या परिणामाबद्दल त्यांतून काहीच सिद्ध होत नव्हतं. तेव्हा पेपरच्या शेवटी "ही वनस्पती कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकारावर उपयुक्त ठरू शकते" हे वाक्य लिहू नकोस. सगळेच लिहितात, माहीत आहे. कुठली तरी काकू ते वाक्य वाचते.

यावरून वनस्पतींवरचं संशोधन व्यर्थ आहे असं मात्र समजू नकोस, मला तर हे क्षेत्र फार मोलाचं वाटतं. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलचा आतड्याच्या आयबीएस या विकारात रुग्णांवरच्या चाचण्यांत उपयोग दिसला आहे. लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची प्रमाणित कॅप्सूल चिंताविकारात प्लासिबोपेक्षा सरस ठरली आहे. दोन्ही ठिकाणी संयुग, मात्रा आणि मार्ग ठरवून मग माणसांवर तपासलं गेलं, आणि अँटिऑक्सिडंट आकड्याचा त्यात संबंध नव्हता. सगळ्यांत मोठं उदाहरण आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या वनस्पतीतल्या आर्टेमिसिनिनचं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये ज्यासाठी नोबेल मिळालं ते हे संयुग मलेरियाच्या परजीवीला मारतं ते त्याच्यातल्या पेरॉक्साइडच्या पुलामुळे. परजीवीच्या आत लोहाशी गाठ पडली की तो पूल तुटतो आणि मूलकं तयार होतात. म्हणजे या वनस्पतीने जग बदललं ते मूलकं निर्माण करून. ते संयुगही वाफेने येणाऱ्या तेलात सापडलं नव्हतं. उकळण्याने गुण जातो हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला ईथरने ते काढलं.

राहिलं तुझं सहा महिन्यांचं तेल. नव्या चाचण्यांना ते वापरू नकोस. बाटली अर्धी रिकामी आणि उजेडात असेल तर लिमोनीनचं कार्व्होन, लिमोनीन ऑक्साइड आणि हायड्रोपेरॉक्साइडं झालेली असणार. हायड्रोपेरॉक्साइडं जीसीच्या गरम इंजेक्टरमध्ये तुटतात, त्यामुळे यादीत दिसतीलच असं नाही, पण लोहावर आधारलेल्या चाचण्यांत ती थेट ढवळाढवळ करतात. त्वचेला अ‍ॅलर्जी आणण्यातही तीच पुढे असतात, म्हणून हातमोजे घाल. जुन्या बाटलीचं जीसी एकदा पुन्हा चालव आणि पहिल्या नोंदीशी ताडून बघ. लिमोनीन किती घसरलं हे कळलं तर साठवणुकीवर एक छोटी नोंद तयार होईल. नवं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून, गडद रंगाच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, शक्य असल्यास वर नायट्रोजन सोडून चार अंशांवर ठेव. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि खेप लिही, आणि दोन खेपा एकत्र करू नकोस.